भाऊंनी भरलेली तीन पत्रकं

भाऊ अप्रशिक्षित आहेत हे त्यांना नोकरीच्या सत्ताविसाव्या वर्षी कळलं, आणि तेही पत्राने. गावच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल, कारकून आणि शिपाई ही तिन्ही पदं ते एकटेच सांभाळत. त्यामुळे शिपाई म्हणून त्यांनी पत्र घेतलं, कारकून म्हणून आवक वहीत नोंदवलं आणि ग्रंथपाल म्हणून फोडलं. आत लिहिलं होतं की छोट्या वाचनालयांतल्या सर्व अप्रशिक्षित कर्मचाऱ्यांनी पाच दिवसांचं ऑनलाइन प्रशिक्षण घेऊन उत्तीर्ण व्हावं. जे होणार नाहीत त्यांची वाचनालयं पुढच्या महिन्यापासून आठवड्यातून दोनच दिवस उघडतील, आणि त्या दोन दिवसांत मोठ्या गावचा प्रशिक्षित ग्रंथपाल येऊन कारभार बघेल.

दोन दिवसांचं वाक्य भाऊंनी दोनदा वाचलं, पण नाकाला मिरच्या झोंबल्या त्या ‘अप्रशिक्षित’ने. सत्तावीस वर्षं रांधणाऱ्या बाईला कुणी विचारावं की तुम्हाला चूल पेटवता येते का, तसं त्यांना वाटलं. गावात कोण काय वाचतं हे भाऊंनी झोपेतून उठूनही सांगितलं असतं. वाचक दारात दिसला की भाऊंचा हात टेबलाखाली जायचा आणि त्या वाचकाचं पुस्तक वर यायचं. वाचकाने फक्त सही करायची. यादी बघा, कपाट उघडा, हे चाळा, ते चाळा, असला पोरखेळ या वाचनालयात नव्हता. भाऊ याला सेवा म्हणत.

बातमी पसरायला वेळ लागला नाही, कारण वर्तमानपत्राच्या टेबलाशी बसणाऱ्यांना वर्तमानपत्रापेक्षा भाऊंचं टपाल वाचायला जास्त आवडायचं. दवाखान्यातल्या कंपाउंडरने सांगितलं की त्याच्या साडूनेही असलंच एक प्रशिक्षण घेतलं होतं, त्यात फक्त मान डोलवायची असते. वाचनालय समितीचे अध्यक्ष म्हणजे लाकडाच्या वखारीचे मालक. वाचनालयात ते फक्त सभेपुरते यायचे. त्यांनी निरोप धाडला की काहीही करा पण पास व्हा, माझ्या कारकिर्दीत वाचनालयाला कुलूप लागलं असं लोकांनी म्हणायला नको. मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, यांनी उत्तरपत्रिकेत डावीकडे समास सोडायला बजावलं. भाऊंच्या बायकोला सगळं गाव वहिनी म्हणायचं. वहिनींनी एवढंच विचारलं की प्रशिक्षण किती वाजता आहे.

इथेच तर घोडं पेंड खात होतं. प्रशिक्षण सकाळी अकरा ते दोन आणि वाचनालयाची सकाळची वेळही अकरा ते दोन. वाचनालय पाच दिवस सकाळी बंद ठेवायचं तर त्यासाठी अर्ज होता. भाऊंनी तो मागवला. अर्जाच्या तळाशी छापलं होतं की शिफारस म्हणून त्याच वाचनालयातल्या प्रशिक्षित ग्रंथपालाची सही आवश्यक आहे. भाऊंनी वरच्या कार्यालयाला फोन करून विचारलं की मी प्रशिक्षित असतो तर हा अर्ज कशाला केला असता. पलीकडच्या कारकुनाने शांतपणे सांगितलं की प्रशिक्षितांसाठीही एक अर्ज आहे, पण तो दुसऱ्या टेबलावर मिळतो.

तेव्हा ठरलं असं की वाचनालय उघडं ठेवायचं आणि काउंटरवर बसूनच शिकायचं. वाचनालयाला एक संगणक होता. टेलरमास्तरांनी शिवून दिलेल्या झालरीच्या अभ्र्याखाली तो सहा वर्षं सुखाने नांदत होता. हे टेलरमास्तर म्हणजे भाऊंच्या वाचनालयाची शान. रहस्यकथांचे शौकीन. दर शनिवारी एक परत, एक नवीन, एकोणीस वर्षं एक शनिवार चुकला नाही. भाऊ दर वार्षिक अहवालात त्यांचा उल्लेख करत.

पहिल्या दिवशी पडद्यावर चाळीस चौकोन उमटले आणि प्रत्येकात एक ग्रंथपाल घाबरून बसला होता. त्यांच्या मधे आणखी एका चौकोनात प्रशिक्षण देणाऱ्या मॅडम होत्या, भाऊंच्या मुलीपेक्षा जेमतेम दोन-चार वर्षांनी मोठ्या. त्या म्हणाल्या, आधी सगळ्यांनी आपापलं वाचनालय दाखवा. इतरांनी फोन फिरवले. भाऊंचा कॅमेरा संगणकाला जोडलेला, म्हणून कंपाउंडरने संगणक उचलला. वर्तमानपत्राच्या टेबलावरच्या एकाने वायर धरली. भाऊ पुढे होऊन कपाटांची माहिती देऊ लागले. चरित्रांच्या कपाटापर्यंत सगळं ठीक चाललं होतं, मग वायर संपली. संगणक जो विझला तो पुन्हा लागला नाही.

दुसऱ्या दिवसापासून कंपाउंडरने स्वतःचा फोन दिला. त्या फोनवर नाव ‘दवाखाना’ असं होतं आणि ते बदलायचं कसं हे कंपाउंडरला ठाऊक नव्हतं. झालं, मॅडमच्या तोंडी तेच बसलं. दवाखाना, तुमचं मत काय. दवाखाना, तुमचा आवाज येत नाही. सत्तावीस वर्षांच्या सेवेनंतर माणसाला चारचौघांत दवाखाना म्हणून हाक मारावी, याहून अधिक काय अपमान असतो ते भाऊंना सुचेना. बरं, फोन गेला म्हणून फोनचा मालकही त्याच्यामागोमाग वाचनालयात येऊन बसला, आणि मालक इथे म्हणून त्याचे रोगीही इथेच येऊ लागले. पुस्तकांच्या वर्गीकरणावर मॅडम तळमळीने बोलत असताना मागून कुणीतरी विचारायचं की लाल गोळी जेवणाआधी की नंतर. तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या टेबलाशी अकरा माणसं खोकत होती. मॅडमनी सगळ्यांना सांगितलं, दवाखान्याकडे बघा, वाचकांची उपस्थिती अशी हवी.

त्याच दिवशी गृहपाठ मिळाला. प्रत्येकाने तीन वाचकांना भेटायचं. भेट वाचनालयात नाही, वाचकाच्या घरी किंवा कामाच्या जागी घ्यायची. त्याला काय वाचायला आवडतं, काय हवंय, काय मिळत नाही, हे वीस मिनिटं विचारायचं आणि आपण मधे बोलायचं नाही. मग ‘वाचक-गरज पत्रक’ भरायचं, खाली वाचकाची सही घ्यायची, आणि उद्या सकाळी पाठवायचं. याच पत्रकांवर पास-नापास ठरणार होतं.

भाऊंना हसू आलं. जो माणूस कोणाच्या घरात कुठलं पुस्तक उशाशी आहे हे सांगू शकतो, त्याने दारोदार जाऊन काय विचारायचं? त्यांनी पत्रकं पुढ्यात ओढली आणि चाळीस मिनिटांत तिन्ही भरली. टेलरमास्तर: रहस्यकथा, आणखी रहस्यकथा. मोठ्या बाई: थोर माणसांची चरित्रं, कारण मुख्याध्यापिका दुसरं काय वाचणार. कंपाउंडर: आरोग्यविषयक. संध्याकाळी भाऊंनी तिघांना निरोप धाडून बोलावलं आणि पुस्तकांसोबत पत्रकंही पुढे केली. भाऊंनी बोट ठेवलं तिथे सही करायची ही त्यांची वर्षानुवर्षांची सवय, म्हणून तिघांनीही न वाचता सह्या केल्या.

चौथ्या दिवशी मॅडमनी पत्रकांचा निकाल सांगितला. दवाखान्याची पत्रकं चाळिसांत सर्वोत्तम होती. त्या म्हणाल्या, असं वाटतं की हे ग्रंथपाल वाचकाच्या मनात शिरून आलेत. भाऊंनी मान खाली घातली, पण ती विनयाने. इतकं बोलून त्या थांबल्या असत्या तर बरं झालं असतं. पण पुढे त्या म्हणाल्या की उद्या समारोपाला वरच्या कार्यालयाचे साहेब असतील, तेव्हा या तिन्ही वाचकांना कॅमेऱ्यासमोर आणा, आपण सगळे त्यांच्याच तोंडून ऐकू.

भाऊंनी तिन्ही पत्रकांच्या प्रती काखेत मारल्या आणि तालीम घ्यायला निघाले. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं मनाशी म्हणत होते, पण अजून त्यांना खरी भीती नव्हती. वाचकांनी काय बोलायचं ते लिहिलेलंच होतं आणि लिहिलेलं खरंच होतं, अशी त्यांची समजूत होती.

मोठ्या बाईंनी पत्रक वाचलं आणि सवयीने लाल पेन हातात घेतलं. त्यांनी ‘चरित्रं’वर काट मारली. चरित्रं त्यांना कधीच आवडली नव्हती. नोकरीत असताना जन्मभर मुलांना थोरांची उदाहरणं दिली, आता त्या थोरांचं तोंड बघवत नाही, असं त्यांनी सांगितलं. त्यांना खून असलेली पुस्तकं हवी होती. पण ती सगळी भाऊ टेलरमास्तरांसाठी टेबलाखाली ठेवायचे, आणि मुख्याध्यापिकेने चारचौघांत खून मागायचा कसा? तिथून भाऊ कंपाउंडरकडे गेले. दिवसभर लोकांचे आजार बघून घरी गेल्यावर कुणाला आरोग्य वाचायचं असेल, असं कंपाउंडरने त्यांनाच उलट विचारलं. त्याने घराच्या गच्चीवर कबुतरं पाळली होती. त्याला कबुतरांवर काहीतरी हवं होतं. भाऊ अकरा वर्षं त्याला पचनसंस्था देत होते.

आता उरले टेलरमास्तर. त्यांच्याविषयी भाऊंच्या मनात तसूभर शंका नव्हती. दुकानात मशीन चालू होतं. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, तुम्ही सांगाल ते बोलतो. भाऊंना हायसं वाटलं. सरावासाठी त्यांनी पत्रक मोठ्याने वाचायला सांगितलं. मास्तरांनी कागद लांब धरला, जवळ धरला, खिडकीकडे तिरपा केला, आणि म्हणाले की चष्मा घरी राहिला. चष्मा त्यांच्या नाकावर होता.

मग मास्तरांनीच सांगून टाकलं. चार वर्षं झाली, बारीक अक्षर दिसत नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, आहे तेवढी नजर सांभाळा. शिवणकाम हाताच्या सवयीवर चालायचं, आणि सुयांत दोरे ओवायचं काम सकाळीच बायको करून ठेवायची. शनिवारी आणलेलं पुस्तक ते इस्त्रीच्या टेबलाच्या खणात ठेवायचे आणि पुढच्या शनिवारी परत करायचे.

“मग नेत का होता?” भाऊंनी विचारलं.

“तुम्ही एवढं आठवणीने बाजूला काढून ठेवायचात,” मास्तर म्हणाले. “नको कसं म्हणायचं?”

चार वर्षांचे शनिवार म्हणजे दोनशे आठ पुस्तकं. भाऊंनी चालता चालता हिशेब केला, आणि चार अहवालांतले चार उल्लेखही आठवले. घरी आल्यावर त्यांनी चहा नको म्हटलं. त्यांना वाईट वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर रागही येत होता. तेवढ्यात, बातमी वखारीपर्यंत पोचल्यामुळे, अध्यक्षांचा निरोप आला की पत्रकात आहे तेच वदवून घ्या, प्रश्न वाचनालयाचा आहे. कंपाउंडर येऊन तेच सांगून गेला. मोठ्या बाईंनी चिठ्ठी पाठवली की संस्थेसाठी एक दिवस चरित्रं आवडून घेईन. सगळं गाव भाऊंसाठी खोटं बोलायला कंबर कसून उभं राहिलं होतं.

“दोनच दिवस उघडलं तर सगळ्यांचे किती हाल होतील,” भाऊ वहिनींना म्हणाले.

“टेलरमास्तरांचे कसले हाल,” वहिनी म्हणाल्या. “ते सातही दिवस वाचत नाहीत.”

पाचव्या दिवशी तिघंही धुतलेल्या कपड्यांत वेळेआधी हजर झाले. पडद्यावर साहेबांचा चौकोन इतरांपेक्षा मोठा दिसत होता, की भाऊंना तसं वाटत होतं कोण जाणे. मोठ्या बाईंनी चरित्रांची गोडी पाठ केलेल्या कवितेसारखी घडाघडा म्हणून दाखवली. कंपाउंडर पचनसंस्थेबद्दल इतक्या प्रेमाने बोलला की एका ग्रंथपालाने पुस्तकाचं नाव लिहून घेतलं. मग मास्तरांची पाळी आली. त्यांनी ठरलेलं सगळं नीट सांगितलं. मॅडम खूश झाल्या आणि म्हणाल्या, हातात पुस्तक आहेच, तर त्यातली आवडलेली चार वाक्यं वाचून दाखवा.

मास्तरांनी पुस्तक उघडलं. काही क्षण ते त्या पानाकडे बघत राहिले. मग सावकाश बोलू लागले, की खून झाला तेव्हा शेजारच्या खोलीत शिवणयंत्र चालू होतं, आणि शिवणारा माणूस दोरा संपला तरी थांबला नाही. साहेबांनी मान डोलवली. मॅडमनी विचारलं, हे कितव्या पानावर आहे?  मास्तर पुस्तक वळवून पानाच्या कोपऱ्यावर बोट फिरवू लागले, जणू आकडा बोटाला लागेल. ज्या माणसाने जन्मात कुणाचं वीतभर कापड इकडचं तिकडे केलं नाही, तो भाऊंपायी चाळीस लोकांसमोर खोटं बोलत होता. भाऊंना स्वतःची भयंकर लाज वाटली. त्यांनी मास्तरांच्या हातातून पुस्तक काढून घेतलं.

“मॅडम, यांना दिसत नाही,” ते म्हणाले. “ही पत्रकं मी बसल्या जागी भरली. यांना कुणालाच मी विचारलं नाही. सत्तावीस वर्षांत विचारलं नाही.”

 मागे खोकणारेही थांबले होते. साहेबांनी खाली बघून काहीतरी लिहिलं आणि सांगितलं की तिन्ही पत्रकं रद्द, प्रमाणपत्र नाही, दोन दिवसांचा आदेश तयार ठेवा. मॅडमनी साहेबांकडे आठ दिवस मागितले. नवी पत्रकं, तीन नव्हे, दहा, आणि त्या स्वतः येऊन बघणार. साहेब म्हणाले, बघा, पण शेवटची संधी.

मग भाऊ निघाले. पहिल्या दोन घरांत त्यांनी प्रश्न विचारला आणि उत्तरही स्वतःच दिलं, जिभेला वळणच तसं पडलेलं. तिसऱ्या घरापासून ते प्रश्न विचारून झाला की पेन दातांत धरू लागले, म्हणजे तोंड बंद राही. लोक बोलायला लागले की थांबेनात. वीस मिनिटांचे दोन-दोन तास होत. कोणाला मोठं अक्षर हवं होतं, कोणाला टेबलाखालचं पुस्तक नकोच होतं, कपाटासमोर उभं राहून स्वतः निवडायचं होतं. एक जण म्हणाला की तुमचं ऐकायला लागू नये म्हणून मी नुसतं वर्तमानपत्र वाचतो. भाऊंना हे सगळं कडू लागलं, पण त्यांनी एकही शब्द न गाळता लिहिलं. टेलरमास्तर म्हणाले, वाचता येत नाही, पण कुणी वाचून दाखवलं तर ऐकायला आवडेल. त्या दिवसापासून भाऊ दुपारी चार ते साडेचार त्यांच्या दुकानात जाऊन वाचू लागले.

नऊ पत्रकं झाली आणि दहावं सुचेना, तेव्हा वहिनींनी हात पुढे केला. त्यांचंही म्हणणं होतं. फाटलेली पुस्तकं भाऊ चिकटवायला घरी आणत आणि वहिनींचं वाचन तेवढ्यावरच व्हायचं. तीस वर्षांच्या संसारात त्यांनी शंभरेक कादंबऱ्या वाचल्या होत्या, आणि बहुतेकींची शेवटची पानं गेलेली होती. त्यांना शेवट असलेलं एक पुस्तक हवं होतं. भाऊंनी तेही लिहून घेतलं आणि सही करायला सांगितलं. वहिनींनी आधी पत्रक पूर्ण वाचलं, मग सही केली.

आठव्या दिवशी मॅडम दुपारच्या बसने आल्या. पडद्यावर वाटल्या त्यापेक्षा बुटक्या होत्या आणि भुकेल्या होत्या. वहिनींनी त्यांना जेवायला घातलं. जेवल्यावर त्यांनी दहाही पत्रकं शांतपणे वाचली. बरं म्हणाल्या नाहीत की वाईट म्हणाल्या नाहीत. प्रमाणपत्राचा कोरा कागद पिशवीतून डोकावत होता आणि भाऊंची नजर सारखी तिकडे जात होती. शेवटी त्या म्हणाल्या, कागद पाहिले, आता काम दाखवा. भाऊ याचीच वाट बघत होते. चारला पाच मिनिटं कमी असताना ते मॅडमना घेऊन टेलरमास्तरांच्या दुकानात गेले.

मॅडमना गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसवलं, स्वतः स्टुलावर बसले, आणि चौथं प्रकरण काढलं. कपाटातली सर्वांत उत्तम रहस्यकथा त्यांनी निवडली होती. इन्स्पेक्टरचा आवाज भारदस्त, संशयिताचा घाबरा, विधवेचा रडवेला, असं सगळं ते करत होते. मास्तर मशीन चालवत ऐकत होते. दोन पानं झाली आणि मशीन थांबलं.

“भाऊ, राग मानू नका,” मास्तर म्हणाले. “पण हे पुस्तक मला आवडत नाही.”

“दुसरं आणतो,” भाऊ म्हणाले. “याच लेखकाची आणखी—”

“नको. असली पुस्तकं मला पहिल्यापासून आवडत नाहीत. डोळे चांगले होते तेव्हाही नव्हती आवडत. पहिलं तुम्ही दिलंत, मी घेतलं. मग तुम्ही देतच राहिलात.”

 मॅडम समोर बसल्या होत्या आणि सगळं ऐकत होत्या. पत्रकासाठी भाऊंनी मास्तरांना सगळं विचारलं होतं, वेळ कोणती, आवाज किती, मशीन चालू चालेल की बंद. कुठलं पुस्तक, एवढंच विचारलं नव्हतं, कारण ते त्यांना माहीत होतं. आता दोन दिवसांचा आदेश निघाल्यातच जमा होता. मॅडमना काहीतरी समजावून सांगावं असं त्यांना फार वाटलं. पण मास्तर मान वर करून भाऊंकडेच बघत होते, आणि पहिल्यांदाच नको म्हणून बसले होते. भाऊंनी पुस्तक मिटलं.

“मग काय आवडतं तुम्हाला?”

“सांगू? जरा लांबण लागेल.”

“लागू दे.”

मास्तरांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. पण लहानपणी एका चित्रात त्यांनी शिडाचं जहाज पाहिलं होतं, आणि तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एकच होतं, की ती शिडं शिवतात कशी. घराएवढं कापड, तेही वाऱ्यात. एक शिवण उसवली तर माणसं बुडणार. म्हणजे टाका कोणता घालत असतील, दोरा कशाचा असेल, शिवणारे किनाऱ्यावर बसून शिवत असतील की चालत्या जहाजावर? एवढ्या वर्षांत हे कुणाला विचारावं ते त्यांना कळलं नव्हतं. ते हातांनी हवेत शीड पसरून दाखवत होते. भाऊंच्या जिभेवर तीनदा आलं की आपल्याकडे जहाजांवर एक जाडजूड पुस्तक आहे, आणि तिन्ही वेळा त्यांनी ते गिळलं.

मॅडमनी घड्याळ पाहिलं. वीस मिनिटं होऊन गेली होती. त्यांनी पिशवीतून कागद काढला, कापायच्या टेबलावरची कात्री आणि खडू बाजूला सारले, आणि तिथेच सही केली. मग त्यांनी कागद भाऊंच्या पुढे धरला आणि झालं म्हणाल्या.

भाऊंनी वळून न बघता हात वर केला आणि त्यांना जरा थांबायची खूण केली.

“हं, मास्तर,” ते म्हणाले. “दोऱ्याचं काय म्हणत होता?”